धोंडिरामांच्या फ्लॉप्या

सैन्यातून हवालदार-क्लार्क म्हणून निवृत्त होऊन धोंडिराम कोरेगावला परतले, तेव्हा छप्पन सालची नागपूरची धम्मदीक्षा डोळ्यांनी पाहिलेली सव्वीस माणसं त्यांच्या वस्तीत हयात होती. प्रत्येकाजवळ बसून, तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवायचं आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर टाईप करायचं, असं काम त्यांनी पंच्याण्णवात अंगावर घेतलं. कॉम्प्युटर मुलाच्या, मिलिंदच्या, सांगलीच्या ऑफिसातून मोडीत निघालेला. टाईप झालं की वहीची पानं बंबात जात. एका गोष्टीच्या दोन प्रती निराळ्या निघाल्या की घोटाळा होतो, हे त्यांना फौजेनं शिकवलं होतं. प्रिंटर घ्यायचा मात्र राहूनच गेला.

"दादा, हार्डडिस्कच्या भरवशावर राहू नका," मिलिंद म्हणाला. "झिप ड्राइव्ह आणू का? न्हाईतर मिरजंला एकाकडं सीडी लिहून मिळती."

धोंडिरामांनी चार दिवस विचार केला. "सीडी एकदा लिहिली की लिहिली. माझं तर रोज बदलतंय. अन् तुझा झिप बिघडला तर कोरेगावात दुसरा कुठं हुडकू? फ्लॉपी कुठल्याबी मशिनीत चालती."

मग दर रविवारी ते दोन-दोन फ्लॉप्यांवर नक्कल करत, चिठ्ठी चिकटवत आणि लोखंडी कपाटात ठेवत. त्यांच्या बायको जाईबाई म्हणायच्या, "आवं, देवघर नसलेल्या घरात ह्यांनी कपाटाची पूजा मांडलीय."

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात वळवाच्या विजेनं कॉम्प्युटर जळाला. साताऱ्याच्या मेकॅनिकनं हार्डडिस्क बदलली, फ्लॉपी ड्राइव्हही नवा घातला. धोंडिरामांनी पहिली फ्लॉपी घातली. वाचता येत नाही. दुसरी, तिसरी, दहावी, तेच. पडद्यावर एकच प्रश्न येई, फॉरमॅट करायची का? ते दर वेळी 'नाही' दाबत राहिले.

मिलिंदनं सांगलीत तीन मशिनींवर बघितलं. "दादा, तुमच्या जुन्या ड्राइव्हचं लिहायचं-वाचायचं हेड जागचं सरकलेलं असणार. त्यानं लिहिलेलं त्यालाच वाचता यायचं."

"मग तो ड्राइव्हच आणू की!"

मेकॅनिकनं तो भंगारात घातला होता. धोंडिराम दोन दिवस भंगारवाल्याच्या ढिगात वाकून शोधत राहिले. सापडला नाही. तीन वर्षांत एकदाही त्यांनी फ्लॉपी दुसऱ्या मशिनीत घालून पाहिली नव्हती.

दिवाळीआधी माया आली, फलटणला नांदणारी. त्या सव्वीसांतली रंगुबाई ही तिची आजी, वर्षापूर्वी गेली होती. "आजा, आजीनं तुमास्नी काय सांगितलं, ते द्या की. पोरांस्नी वाचून दावते."

धोंडिरामांनी खरं ते सांगितलं. तिला आधी कळलंच नाही. कळल्यावर ती हळूच म्हणाली, "एखादं वाक्य तरी ध्यानात असंल?"

नागपूरहून परतल्यावर रंगुबाईनं घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले होते. सांगताना ती खूप हसली होती. एवढं त्यांना आठवलं. काय म्हणून हसली, तिचे शब्द काय होते, ते काही केल्या येईना. खोटं रचून सांगावं, असं क्षणभर मनात आलं. पण तसं त्यांनी केलं नाही. माया चहा न घेताच उठली.

त्या आठवड्यात त्यांनी सव्वीसांपैकी अजून हयात असलेल्या माणसांची नावं काढली. नऊ भरली. नवी वही घेऊन ते आधी त्यांतल्या हरिबाकडं गेले. हरिबानं त्यांना त्यांच्याच बापाच्या नावानं हाक मारली, शेजारी बसवून घेतलं आणि गप्प राहिला. धोंडिराम तासभर पेन उघडून बसले. मग पानावर नुसती तारीख घालून घरी आले.