बुधवारच्या आधी निघालेली

मी छत्तीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवलं. लिंबू-मिरची, काळी मांजर, अमावास्या... वर्गात या सगळ्याची मी इतकी टर उडवली आहे की मुली माझ्यामागे मला ‘पुरावाबाई’ म्हणायच्या. आजही माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी लिहिते आहे, कारण माझ्या कपाटात दोन फडकी आहेत. माझ्यामागे कुणीतरी त्यांचं पोतेरं करील, त्याआधी त्यांची हकिगत कुठेतरी नोंदलेली असावी.

एकाहत्तर साल. माझं माहेर राहुरीचं, गावाबाहेर मळ्यात घर. लग्न होऊन सात महिने झाले होते. नवरा आफ्रिकेत, मोंबासाला शिक्षक. लग्नानंतर तीन आठवड्यांत तो परत गेला आणि मी परवान्याची वाट बघत माहेरी बसले. परवाना आला तो अशा बेताने की त्याची मुदत संपायच्या आत मुंबईहून सुटणारी एकच बोट उरली होती. ती चुकली तर पुन्हा अर्ज, पुन्हा वर्षभर वाट. शेजारणी आधीच विचारायला लागल्या होत्या, “जावई नेनार हायेत ना वो पोरीला?” या प्रश्नाने माझं डोकं फिरायचं.

बोट गुरुवारी दुपारी. म्हणजे बुधवारी सकाळच्या गाडीने मनमाड, तिथून मुंबई. मोठा भाऊ – दादा – मला बोटीवर बसवून परत येणार होता. सगळं ठरलं आणि आई अडून बसली.

“बुधवारी लेक घरातनं काढायची? आन् तीबी उत्तरंला? दिशाशूळ हाय, शके!”

“आई, बोट काय आपल्या भटजींना विचारून सुटते का?”

ती ऐकणारी नव्हती. भटजींकडे जाऊन तिने तोड काढली. सोमवारी प्रस्थान ठेवायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते – प्रवासाच्या दिवशी मुहूर्त नसेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपलं एखादं गाठोडं वाटेवरच्या कुणाच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं की माणूस निघालं असं धरतात. मग खरं निघताना ते वाटेत उचलायचं.

आईने तांदूळ, सुपारी, हळकुंड घेतलं आणि म्हणाली, “नुसती सुपारी न्हाई चालत. तुझी सोताची, कामाची वस्तू पायजे.”

मला काय दुर्बुद्धी सुचली! पासपोर्ट, परवाना, लशीचं कार्ड, बोटीचं तिकीट... सगळं एका पाकिटात होतं. ते मी तिच्यापुढे आदळलं. “हे घे. माझ्यापेक्षा हेच कामाचं आहे. हे गेलं की मी गेले.”

आईने ते शांतपणे माझ्या जुन्या निळ्या साडीच्या फडक्यात बांधलं. इस्त्रीने जळून त्याच्या कोपऱ्यात तिकोनी भोक पडलं होतं. सोमवारी सकाळी दादा ते सायकलला लावून स्टेशनच्या रस्त्यावर राहणाऱ्या भामामावशीकडे ठेवून आला. तो निघाला तेव्हा आई ओट्यावर उभी होती. मी आत तांदूळ निवडत बसले होते, उठलेसुद्धा नाही.

बुधवारी सकाळी मी आईच्या पाया पडले. तिने डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा चुलीकडे वळली. साता समुद्रापार जाणाऱ्या लेकीला घालवायला आई साधी ओट्यापर्यंत आली नाही! मला असा राग आला की काय सांगू. ठरवलं, रडायचं नाही. आणि नाही रडले.

सामान म्हणजे दोन ट्रंका, होल्डॉल, पापड-कुरडयांचा पत्र्याचा डबा आणि लोणच्याची बरणी. ऐनवेळी टांग्याच्या चाकाची धाव निसटली. शेजारच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सगळं चढवलं आणि उशीर नको म्हणून ट्रॅक्टर मळ्यामळ्यातून आडवाटेने थेट स्टेशनला नेला. गाडी लागलेलीच होती. ट्रंका आत ढकलल्या आणि कसेबसे चढलो.

श्रीरामपूर आलं तेव्हा दादा घाम पुसत म्हणाला, “कागद वर ठेव बाई, मुंबईला लगेच लागतील.”

कागद गाठोड्यात होते. आणि ट्रॅक्टर मावशीच्या दारावरून गेलाच नव्हता.

मी सांगितलं तसा दादा उठला. “तू मनमाडला उतरून थांब. मी मिळेल त्या ट्रकने गाठोडं घेऊन येतो,” म्हणाला आणि उतरला. गाडी हलली. मी हिशेब करत होते – ट्रकने राहुरी, मावशीचं घर, परत मनमाड... मुंबईची गाडी त्याआधीच निघून जाणार होती. कितीही उलटसुलट केलं तरी उत्तर तेच येत होतं. डब्यातल्या बाया माझ्याकडे बघत होत्या आणि मी बरणी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

पुणतांब्याला गाडी थांबली. फलाटावर काकड्यांची पाटी घेतलेली एक बाई डब्या-डब्यात डोकावत येत होती. माझ्या खिडकीशी आली आणि थबकली.

“आल्या व्हय ताई! घ्या तुमचं. दोन दिस जपतीया.”

तिने काकड्यांखालून गाठोडं काढून माझ्या हातात दिलं. निळं फडकं. कोपऱ्यात तिकोनी भोक.

मी गाठ सोडली. तांदूळ, सुपारी, हळकुंड... आणि पाकीट. पासपोर्ट, परवाना, कार्ड, तिकीट. सगळं जागच्या जागी!

“हे... हे तुम्हाला कुणी दिलं?”

“आता काय म्हनावं! तुमीच न्हाई का दिलं सोमवारी? म्हनल्या, मी बुधवारच्या गाडीनं येते, तवा दे.”

“मी? अहो, मी आयुष्यात कधी इथे उतरलेले नाही.”

ती माझ्याकडे जरा घाबरूनच बघायला लागली. “हिरवी साडी नेसल्या हुत्या. आन् लई रडत हुत्या... म्या पानी दिलं, तर त्येबी न्हाई घेतलं.”

गाडी सुटली. तिचं नावही विचारायचं राहिलं. आणि मंडळी, माझ्याकडे हिरवी साडी एकच होती, लग्नातली. ती मी रविवारीच ट्रंकेच्या तळाशी घालून कुलूप लावलं होतं. किल्ली माझ्या गळ्यात होती.

मनमाडला दादा आला नाही. मुंबईची गाडी आली तशी मी हमालाला हाक मारली आणि एकटीच चढले. मुंबईत दीर घ्यायला आले होते. गुरुवारी बंदरावर साहेबाने कागद उलटसुलट पाहिले, बोटाला लागलेली हळद पुसली आणि शिक्का मारला. बोटीवर सगळ्यात आधी मी ट्रंक उघडली. हिरवी साडी तळाशीच होती, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

दीड महिन्याने मोंबासाला दादाचं जाडजूड पाकीट आलं. आत पत्र होतं आणि एक निळं फडकं. कोपऱ्यात तिकोनी भोक.

दादाने लिहिलं होतं – ‘भामामावशीकडे गाठोडं होतं तसंच देवापुढे होतं. ते घेऊन मनमाडला पोचलो, तर तुझी गाडी गेलेली. फलाटावर सोडून पाहिलं. तांदूळ, सुपारी, हळकुंड होतं, कागद नव्हते. तू बोटीवर चढल्याची तार येईपर्यंत माझं काय झालं ते माझं मला माहीत. कागद तुला कुठे मिळाले ते कळव.’

मी माझ्याकडचं फडकं काढलं आणि दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली. विरलेले धागेसुद्धा एकाच जागी विरलेले होते. नवरा म्हणाला, तूच दोन बांधली असशील. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पत्राच्या शेवटी दादाने आईचे शब्द तिच्याच भाषेत उतरवले होते. ही गोष्ट तोवर तिने घरात कुणाला सांगितली नव्हती. ‘शकीला लिव्ह, रागावू नगं म्हनावं. सोमवारी तुझ्या सायकलीमागं ती चालत गेली, म्या वट्यावरनं बघितलं. हिरवी साडी नेसलेली, पदरानं डोळं पुसत चालली हुती. जानाऱ्याला मागनं हाक मारू नी, म्हनून न्हाई मारली. माज्या लेकीला म्या सोमवारीच घालवली. बुधवारी पुन्यांदा बघवलं नसतं, म्हनून भाईर न्हाई आले.’

दादाला मी अजून पुणतांब्याचं काही कळवलंच नव्हतं. हिरव्या साडीचं आणि रडण्याचं त्यांच्यापैकी कुणालाही ठाऊक असणं शक्य नव्हतं.

आम्ही दोन वर्षांनी परतलो तेव्हा आई नव्हती. पुणतांब्याच्या फलाटावर मी तीनदा जाऊन आले, काकडीवाली ती बाई पुन्हा दिसली नाही. दोन फडकी एकसारखी कशी, याचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी तपासून बघेन.

मला मात्र फडक्यांपेक्षा दुसरंच आठवत राहतं. बुधवारी मी हट्टाने रडले नव्हते. आईने मला जाताना पाहिलं, ते रडतानाच पाहिलं.