आईनं वाचवलेला फौजदार

आमच्या घराचं पोलीस ठाणं झालं तेव्हा मी शाळेत सातवीला अपूर्णांक शिकवत होतो.

सकाळी निघालो तेव्हा ते घरच होतं. संध्याकाळी जिंतूरहून एसटीनं चारठाण्याला उतरलो, बोळात वळलो, तर दारावर लाल-निळी पाटी : 'पोलीस ठाणे, देवळी बुद्रुक'. मी मागं गेलो, बोळ नीट पाहून घेतला, पुन्हा पुढं आलो. घर आमचंच होतं. दोरीवर माझीच बनियन वाळत होती आणि तिच्याखाली एक अनोळखी पोलीस भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता.

"कोण पाहिजे?" त्यानं विचारलं.

"मी इथं राहतो."

"ठाण्यात?"

तेवढ्यात आतून बायको आली. तिच्या, म्हणजे सुनीताच्या, चेहऱ्यावर लग्नातही दिसला नव्हता एवढा आनंद! "अहो, रणनवरे येणारेत! आपल्या घरी!"

आता फौजदार रणनवरे म्हणजे कोण, हे सांगायला पाहिजे. टीव्हीवरच्या एका पोलीस मालिकेतला हा फौजदार. ही मालिका आमच्या घरी कित्येक वर्षं देवपूजेसारखी चालू होती. किंबहुना देवपूजा एखाद्या दिवशी हुकली असेल, रणनवरे नाही! माझी आई पंचाहत्तरीची, कानानं थोडी जड, पण टीव्हीत चोराच्या पावलांचा आवाज तिला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. (मी हाक मारलेली मात्र शेजारच्या खाटेवर ऐकू येत नसे.) रणनवरेचं काम करणाऱ्या नटाचं खरं नाव तिला माहीत नव्हतं आणि ते असतं हेही तिला मान्य नव्हतं. तिच्या दृष्टीनं तो साहेब होता, नोकरीवर होता आणि सरकार त्याची कदर करत नव्हतं.

तर त्या मालिकेचा शेवटचा सीझन आमच्या गावातल्या जुन्या देवळांजवळ चित्रित करायचं ठरलं होतं. मालिकेतल्या देवळी बुद्रुकच्या ठाण्यासाठी त्यांना साधं घर हवं होतं. आमच्या घराला ओसरी आहे, आणि ओसरीला लागून वडिलांच्या दुकानाच्या काळातली ज्वारी साठवायची एक खोली आहे. तिला खिडकीऐवजी गज आणि दारालाही गज! दिग्दर्शकानं ती खोली पाहिली आणि तिथंच उडी मारली म्हणे. तयार कोठडी!

हा दिग्दर्शक तिशीतला, डोक्यावर केसांचा बुचडा. आई त्याला 'शेंडीवालं लेकरू' म्हणायची. त्यानं परवानगी मागितली तेव्हा आईनं एकच विचारलं होतं. "शेवटचा शिझन म्हंजे काय रे? सोयाबीनचा?"

"नाही आजी, मालिका संपणार."

"संपणार म्हंजे साहेबाचं काय होनार?"

शेंडीवालं लेकरू बुचडा खाजवायला लागलं. आईनं चहाचा कप त्याच्यापासून लांब सरकवला. "घर घ्या, दार घ्या, ज्वारीची खोली घ्या. पर साहेबाला मारायचं न्हाई. कबूल?"

"कबूल आजी! तुमच्या घरात त्यांच्या केसालाही धक्का लागणार नाही."

आणि चहा परत पुढं आला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात कोण खरं आणि कोण खोटं, हे कळेनासं झालं. गर्दी आवरायला एक खरे जमादार आले होते. रणनवरे गाडीतून उतरला, तशी त्यांनी सवयीनं टाच आपटून कडक सलामी ठोकली. मग त्यांच्या लक्षात आलं, हा नट आहे. पण एकदा ठोकल्यावर बंद कशी करायची? म्हणून ते दिवसभर ठोकतच राहिले. मी तर न्हाणीघरातून टॉवेल गुंडाळून बाहेर आलो आणि समोर उभ्या दोन हवालदारांना घाबरून "गुड मॉर्निंग सर" म्हणालो. त्यातला एक मेकअपवाला होता.

पाटी पाहून गावाबाहेरचे लोकही यायला लागले. वालूरची एक शेवंताबाई रिक्षातून उतरली ती थेट ओसरीवर. रणनवरे वर्दीतच खाटेवर डुलकी घेत होता. बाईनं त्याला हलवलं. "साहेब, जावंच्या शेळीनं माझं नवं लुगडं खाल्लं! पदर खाल्ला, काठ खाल्ला, आता नुसत्या निऱ्या राहिल्यात!"

रणनवरे दचकून उठला आणि झोपेतच त्याच्या तोंडून त्याचं ठरलेलं वाक्य निघालं, "या ठाण्यात आलेला माणूस रडत परत जात नाही!"

शेवंताबाई हात जोडून बसलीच. रणनवरे दिग्दर्शकाकडं बघायला लागला, पुढचं वाक्य काय म्हणून. दिग्दर्शक जमादारांकडं. जमादारांनी सलामी ठोकली.

शेवटी निकाल आईनं दिला. "जावंनं नवं लुगडं घ्यावं, न्हाईतर शेळी व्याल्यावर एक करडू तुला. साहेब, बरोबर हाय ना?" साहेबांनी मान हलवली. शेवंताबाई समाधानानं गेली. (पुढं तिला करडू मिळालं असं कळतं. म्हणजे आमच्या भागातली ही सगळ्यात लवकर निकाली निघालेली तक्रार असावी!)

इथवर सगळं ठीक होतं. रविवार उजाडला आणि घोळ माझ्यावर आला.

त्या दिवशी काळू नावाच्या खुनी आरोपीचा प्रसंग होता. काळूचं काम करणारा नट आदल्या दिवशी आमच्याकडचं शेंगदाण्याचं झणझणीत कालवण तीन वेळा मागून जेवला होता. सकाळपासून तो बाहेर येतच नव्हता. कुठून, ते सांगत नाही. मी तेलाचा डबा घेऊन जिंतूरला निघालो होतो, आईनंच धाडलं होतं. दिग्दर्शकानं मला ओसरीवर अडवलं आणि टक लावून बघितलं.

"सर, तुमचा चेहरा काय गुन्हेगारी आहे हो! म्हणजे... बोलका!"

इतक्या वर्षांत माझ्या चेहऱ्याविषयी कुणी चांगलं बोललं नव्हतं. मी डबा खाली ठेवला.

"बोलायचं काहीच नाही," तो म्हणाला. "कोठडीत बसायचं. रणनवरे आले की घोंगडीतून गावठी कट्टा काढायचा आणि गोळी घालायची. बस."

"पण तुम्ही आईला शब्द..."

"श्श! आजी महादेवाच्या देवळात गेल्यात. येईपर्यंत उरकतो."

मला तेव्हाच तेलाचा डबा उचलायला पाहिजे होता. पण सुनीता कौतुकानं बघत होती. अर्ध्या तासात मला चिकट डिंकानं दाढीमिशा लावल्या, गालावर वार काढला, डोक्यावर झिपऱ्यांचा टोप बसवला, अंगावर घोंगडी टाकली. आरशात पाहून मी स्वतःच दचकलो. मग ज्वारीच्या खोलीत पोत्यावर बसून कट्टा काढायचा सराव करू लागलो. लाकडी कट्टा तो, पण घोंगडीतून निघताना दर वेळी माझ्या सदऱ्याची गुंडी घेऊन निघायचा!

आणि देवळातून आई मागच्या दारानं आली. महादेवाला गर्दी नव्हती म्हणे.

स्वयंपाकघरात कॅमेऱ्यावाल्यांची दोन पोरं चहा पीत बोलत होती. "आत काळू बसलाय. आता रणनवरे सर आत जातील, हा गोळी घालील. खेळ खल्लास! सर गेले!"

आईनं प्रसादाचा नारळ खाली ठेवला.

मला फक्त धाडकन आवाज आला. दार बंद झालं, बाहेरून कडी सरकली, मग कुलूप! गजातून पाहिलं, तर आई किल्ली कमरेच्या बटव्यात टाकत होती. मग तिनं चौरंग ओढला आणि दारासमोर ठाण मांडून बसली.

"मार आता गोळी, मुडद्या!"

"आई! मी हाय, दिगू!" दाढीच्या डिंकानं ओठ निम्मे चिकटले होते. 'दिगू' ऐवजी काय उमटलं देव जाणे.

"आई म्हनतोय! धरला की समद्याच चोरांना आई आठवती!"

"अगं खरंच मी दिगू!"

"माझा दिगू जिंतूरला तेल आनायला गेलाय. तो तुझ्यावानी उकिडवा बसत न्हाई."

मी गजातून ओरडलो, "जमादार! मी दिगंबर मास्तर! दार उघडायला सांगा!"

जमादारांनी ओठावर बोट ठेवलं. "हळू बोला मास्तर, शूटिंग चालू हाय. लय भारी करायलायत तुमी!"

दिग्दर्शकाकडं पाहिलं, तर तो कॅमेऱ्यावाल्याच्या कानात कुजबुजत होता, "थांबवू नको, घेत राहा, घेत राहा!" सुनीताकडं पाहिलं, तर तिनं पदर तोंडात कोंबला होता आणि ती खांबाला धरून खाली खाली घसरत होती. म्हणजे माझ्यासाठी तिथून मदत नव्हती!

गर्दीतलं कुणीतरी ओरडलं, "आजी, इचारून तर बघा! मास्तर असला तर सांगंल की!"

आईला ते पटलं. तिनं गजाला नाक लावलं. "दिगू असशील तर बापाचं नाव सांग."

"विठ्ठलराव!"

"ते गावातल्या कुत्र्यालाबी ठाऊक हाय. दुसरं सांग." वडिलांच्या दुकानात बसून बसून तिला तिसापर्यंत पाढे पाठ. "माझा दिगू गनिताचा मास्तर हाय. सोळा नव्वं किती?"

आता काय सांगू! समोर कॅमेरा, मागं ज्वारीची पोती, दाढीत घाम, बाहेर निम्मं गाव. आणि जन्मदाती आई डोळे वटारून उभी. मी म्हणालो,

"एकशे छत्तीस!"

आई हळूच मागं वळली आणि गावाला म्हणाली, "बघितलं? ह्या चोराला सोळाचा पाढाबी येत न्हाई, आन म्हनं मी मास्तर!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या वर्गातली चार पोरं त्यात होती आणि त्यांच्या टाळ्या वेगळ्या ओळखू येत होत्या.

तेवढ्यात सुनीता सावरली. "आत्याबाई, खरंच तुमचा लेकच हाय हो!"

"तूबी त्यांनाच सामील का गं?"

मग मात्र मी निकराला आलो. दोन्ही हातांनी दाढी धरली आणि ओढली. अर्धी निघाली. तिच्याबरोबर माझी खरी मिशीही अर्धी गेली. माझ्या तोंडून जी किंकाळी फुटली, तिनं देवळावरची कबुतरं उडाली. टोप घसरला, टक्कल उघडं पडलं.

आई बघतच राहिली. "अगं बाई! दिगू!"

"उघड आता!"

आईचा हात बटव्याकडं गेला. आणि थांबला. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "दिगू, तू? तू साहेबाला मारायला निघालास? माझ्या घरात? काहून रे? काय वाकडं केलं त्यानं तुझं?"

"अगं, ते नाटक..."

"आधी शपथ घे. माझ्या गळ्याची शपथ घे. साहेबाला मारणार न्हाई म्हन."

निम्म्या गावासमोर, अर्ध्या मिशीनिशी, मी आईच्या गळ्याची शपथ घेतली की फौजदार रणनवरे यांना मी जिवे मारणार नाही. मग कुलूप उघडलं.

रणनवरे कोपऱ्यात उभा राहून सगळं बघत होता. तो पुढं आला आणि आईच्या पायाशी वाकला. "आजी, कथा वाचली तेव्हापासून मलाच झोप नव्हती. इतकी वर्षं मी सगळ्यांना वाचवत आलो. मला वाचवायला आज पहिल्यांदा कुणी आलं."

आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "जेवून जा. लय वाळलास."

(मी ओठाच्या डाव्या बाजूला हळद दाबून तिथंच उभा होतो. मला कुणी जेवायला बोलावलं नाही.)

दिग्दर्शकानं त्या रात्री म्हणे सगळा शेवट बदलला. खुनी कोठडीतच अडकला, तर फौजदार मरेल कसा? एक म्हातारी खुन्याला कोंडते आणि फौजदार सुखानं निवृत्त होतो, असं ठरलं. आणि त्या म्हातारीचं काम पुन्हा करून घ्यायची गरजच नव्हती. ते झालंच होतं!

शेवटचा भाग लागला त्या दिवशी आमच्या ओसरीवर बसायला जागा नव्हती. जमादार आले होते, शेवंताबाई करडू काखेत घेऊन आली होती. पडद्यावर आई दिसली आणि शिट्ट्या वाजल्या. मग गजाआडून मी दिसलो. माझा एकही शब्द त्यांनी कापला नव्हता. सगळ्या महाराष्ट्रानं आईचा प्रश्न ऐकला आणि सगळ्या महाराष्ट्रानं माझं उत्तर ऐकलं.

नंतर नावांची यादी आली. आईचं नाव स्वतंत्र ओळीत. माझं नाव मी शेवटपर्यंत शोधलं.

"तुझं कशाला देतील?" आई म्हणाली. "तुला काम करता आलंच न्हाई. तू खराच भेला होतास."

सोमवारी शाळेत मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं, पाणी दिलं, दार लावलं आणि फार प्रेमानं म्हणाले, "मास्तर, यंदापासून तुमी इतिहास घ्या."

सध्या मी इतिहास शिकवतो. सनावळ्यांचा धडा आला, की आकड्यांच्या धास्तीनं आधी वर्गाचं दार उघडून ठेवतो.