ह्यांचा गुडघा, माझी कळ

तिकाटण्यावर कुणी उतारा टाकला तर त्यातला नारळ उचलून आणून त्याची चटणी करणारी बाई मी. भुताखेतांचं मला सांगू नका. पण मागच्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या एका दवाखान्यात जे झालं ते जसंच्या तसं लिहिते... हसायचं तर हसा.

आमचे हे रिटायर सुभेदार. फलटणजवळ ऊस आणि आम्ही दोघं. ह्यांच्या डाव्या गुडघ्याची वाटी बदलली. डॉक्टर बजावून गेले — आठवड्यात गुडघा वाकला नाही, तर पाय जन्माचा काठीसारखा राहील.

त्या वॉर्डात नुसतं दुखणं बघायला एक वेगळ्या सिस्टर होत्या, वाईच्या. शून्य ते दहा, किती दुखतंय ते विचारायचं आणि त्या आकड्यावर औषध ठरवायचं.

"काका, किती?"

"शून्य!" छाती पुढं, आणि कपाळावर घामाच्या धारा. व्यायाम करून घ्यायला माणूस आला की मात्र, "उद्या बघू."

तिसऱ्या दिवशी सकाळी हे "शून्य" म्हणाले... आणि माझ्या डाव्या गुडघ्यात अशी कळ आली की हातातली मोसंबी पलंगाखाली! माझा गुडघा कधीच दुखला नव्हता हो.

"आई गं! आठ!" मी ओरडले.

"ए, तुला कुणी इचारलं?"

दुपारी तेच. संध्याकाळी सिस्टरांनी मला मुद्दाम खाली कँटीनला धाडलं. पहिला घोट घेते तोवर कळ, आणि चहा शेजारच्या पाव्हण्याच्या धोतरावर! लंगडत वर आले. "सिस्टर, सव्वापाचला. सात." त्यांनी कागद दाखवला. सव्वापाचलाच ह्यांना विचारलेलं. उत्तर... शून्य.

"मग माझ्या आकड्यावर द्या की औषध!"

"नाही हो काकू. पेशंटचाच आकडा लागतो."

पाचवा दिवस उजाडला. गुडघा जिथल्या तिथं. सिस्टर म्हणाल्या, "काका, तुम्ही शून्य म्हणता, पण भोगतायत काकू."

"नाटकं करतीया ती. शून्य लिवा!"

एवढं म्हणायला आणि मी खुर्चीवरून खाली बसायला एकच गाठ. ह्यांचा चेहरा उतरला.

"लय दुखतंय का गं?"

"आवं, तुमचंच हाय ते. तुमालाच ठावं!"

मग हे हळूच म्हणाले, "सात... लिवा सिस्टर. साडेसात."

बटण बंद करावं तशी माझी कळ गेली. ह्यांना औषध मिळालं, आणि दुपारी गुडघा वाकला. वाकताना असे बोंबलले की शेजारच्या वॉर्डातली माणसं बघायला आली.

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याचा फोटो काढला. काही नाही. सिस्टर म्हणाल्या, "काकू, हे मी कुठल्या रकान्यात लिहू?" मलाही आजतागायत उमगलेलं नाही. तुम्हाला कळलं तर सांगा.

माझा गुडघा तेव्हापासून गप्प आहे. ह्यांचं काय दुखतंय ते आता मलाही चारचौघांसारखं विचारावं लागतं. आणि हे सांगतात! काल नुसती शिंक आली, तर म्हणाले, "चार."