कालवांचे खडक

खोटं मी बोलले, म्हणून हे मीच लिहायला हवं. माझं शिक्षण चौथीपर्यंत.

प्रभादेवीच्या बाजूला समुद्रात काळे खडक आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला ते उघडे पडतात आणि त्यांना चिकटलेली कालवं, म्हणजे खायचे शिंपले, हातोडीने फोडून काढता येतात. मी आणि माझी धाकटी जाऊ भोईवाड्यातून पहिली बस पकडून तिथे जातो. मी घरी खाण्यापुरती काढते. जावेचं तसं नाही. दीर गेल्यापासून ती परळच्या दहा-बारा घरी कालवं विकते, त्यावर तिची चूल पेटते.

दोन वर्षांपूर्वी तिथे एक मुलगी आली. पायात बूट, हातात फॉर्म. समुद्रात भराव टाकून रस्ता करायचा होता, त्याने किनाऱ्याचं काय नुकसान होईल ते तपासायला तिला पाठवलं होतं.

"आजी, इथे काही मिळतं का?"

आमच्या कोकणात कालवांची जागा परक्याला कोणी सांगत नाही. विचारलं की नाही म्हणायचं, हे मी आईकडून शिकले.

"कसलं मिळतंय? नुसते दगड," मी म्हणाले. जावेने बादलीवर पदर ओढला. मुलीने लिहून घेतलं आणि आम्ही घरी येईपर्यंत हसलो.

पुढे एका शाळेत लोकांचं म्हणणं ऐकायला सभा भरली. त्या मुलीच्या साहेबांनी अहवाल वाचला. त्या खडकांवर कोणाचं पोट अवलंबून नाही, असं तिथल्या बायकांनीच सांगितलंय, म्हणाले. जाऊ माझ्याकडे बघायलाच तयार नाही.

मी उठले. "साहेब, ती बाई मी. मी खोटं बोलले."

लोक हसले. साहेबही हसले. "आजी, खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय?"

तेव्हा लाज वाटली नव्हती, ती तिथे वाटली. साहेबांनी खडकांची जागा लेखी मागितली. जाऊ माझं लुगडं ओढत कुजबुजली, "सांगू नको गो, वयनी. सगळी मुंबय थंय येतली."

"सगळी मुंबई आली तरी खडक राहतील. भराव आला तर राहतील का?" मी म्हटलं आणि लिहायला बसले. कुठला खडक, किती कालवं, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, अमावास्येला या, सगळं उघडं असतं.

साहेब त्या मुलीला घेऊन अमावास्येलाच आले, पण दुपारी बारा वाजता. त्या दिवशी ओहोटी सकाळी सहाला असते आणि दुपारी पूर्ण भरती. पहाटे या असं लिहायचं मला सुचलंच नव्हतं. आमच्यात ते सांगावं लागत नाही. आम्ही सकाळीच कालवं काढून बादली भरून ठेवली होती. समोर नुसतं पाणी. एक खडक दिसेना.

साहेबांनी बादलीत डोकावलं. "ही इथलीच कशावरून? बाजारातही मिळतात."

जावेचं डोकं फिरलं. "सा तास थांबा. बसाक चटय हाडून देतंय. खडक वर इले की तुमीच फोडून बघा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. आणखी दोन ठिकाणी जायचं होतं म्हणे. गाडीत बसून गेले.

ती बूटवाली मुलगी मात्र थांबली. दुपारभर आमच्याबरोबर कट्ट्यावर बसली. जावेने तिला डब्यातली भाकरी दिली. संध्याकाळी पाणी हटलं तशी ती बूट काढून खडकांवर उतरली. तळवा कापला तरी मागे फिरली नाही. फोटो काढले, कालवं मोजली, सगळं लिहून घेतलं.

"आता झालं ना गो?" जावेने विचारलं.

मुलगी पाय धूत होती. मान वर न करता म्हणाली, "मी लिहिलंय, मावशी. पण 'स्वतः पाहिलं' अशी सही साहेबांनाच करावी लागते."

जावेने बादली उचलली. परळची दहा-बारा घरं अजून व्हायची होती.