डझनावरचं केळं

माझी मुलगी तिसरीत असताना वर्गात तोंड उघडत नसे. माझ्यावरच गेली होती. घरी मात्र कोंबड्यांनासुद्धा पाढे शिकवायची.

त्या वर्षी तिच्या बाईंनी नवी पद्धत काढली. चौघाचौघांचे गट करायचे, गणित मिळून सोडवायचं, आणि बाई ज्याच्याकडे बोट करतील त्याने ते समजावून सांगायचं. त्याला नाही सांगता आलं तर सगळ्या गटाचं चुकलं. बोट दोनदा माझ्या मुलीवर आलं आणि दोनदा गट बुडाला. उत्तर तिला येत होतं, पण आवाज फुटेना. आता पुन्हा गप्प बसलीस तर दुसरा गट शोध, असं बाकीच्या तिघांनी तिला बजावलं होतं.

भागाकारासाठी बाईंनी आमच्या वाडीतली वेलची केळी मागवली. पाच गट, प्रत्येकाला बारा. पिशवी मुलीने उचलली, वाटे मी घातले आणि दाराशी पदर सावरत उभी राहिले.

बारा केळी चौघांत, म्हणजे तीन-तीन, उरायचं काही नाही, असं बाईंनी धरलं होतं. पण प्रत्येक गटाकडे एक केळं उरलं. मी पापडीच्या बाजारात केळी विकायला बसते. डझनावर एक घालायची हाताला सवय, त्याने मला विचारलंच नाही. लाजेने तिथून पळावंसं वाटलं. एक गट पट्टीने केळं कापत होता. खिडकीकडच्या गटाने बाकी शून्य सांगितली, पण एकाचे गाल फुगलेले होते.

बाईंचं बोट फिरत फिरत माझ्या मुलीवर थांबलं. तिघांनी माना खाली घातल्या. तिने माझ्याकडे पाहिलं, मग केळ्याकडे.

"बाकी एक," ती म्हणाली. "ते आईने डझनावर घातलंय. ते वाटायचं नसतं."

"मग त्याचं काय करायचं?" बाईंनी विचारलं.

"ज्याने पिशवी उचलून आणली त्याला द्यायचं. तशी रीतच आहे."

असली रीत मी जन्मात ऐकली नव्हती. बाई माझ्याकडे वळल्या. "खरं का हो, ताई?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून कुठल्या वर्गात मी एक शब्द बोलले नव्हते.

"हो," मी म्हटलं.

तिने केळं तिथेच सोललं. गटाने तिला ठेवून घेतलं. घरी येताना कळलं, अट एकच होती. पुढच्या वेळी पिशवी चौघांनी मिळून उचलायची.