पांढऱ्या कपड्यांतले मेजर

मेजरांशी माझी ओळख झाली ती बरगडीवर बॉल खाऊन. अमेरिकेतल्या पार्सिपनीत नवा होतो, क्लबच्या नेटमध्ये पहिल्यांदाच बॅट घेऊन उभा होतो आणि लक्ष भलतीकडेच होतं. साठीतले एक गृहस्थ धावत आले, बॉल सणसणत आला आणि मी मटकन खाली बसलो. "समोर बघायला काय घेतोस रे, गाढवा?" एवढीच विचारपूस. संध्याकाळी मात्र मलम घेऊन माझ्या अपार्टमेंटवर हजर. ते त्यांनी इतकं रगडून चोळलं की बॉल परवडला.

लष्करात ते एक दिवसही नव्हते. नागपूरचे केमिकल इंजिनियर, तरुणपणीच अमेरिकेत आलेले. आमचा क्रिकेट क्लब त्यांनी काढला आणि हाणामारीच्या जोरावर चालवला. कॅच सोडला की पाठीत गुद्दा ठरलेला. एकदा रनआउट झाल्यावर त्यांनी भिरकावलेली बॅट स्वतःच्याच गाडीची काच फोडून आत गेली, तर "गाडी इथे लावली कुणी?" म्हणून आम्हालाच झापलं. त्याच फुटक्या काचेच्या गाडीतून आमच्या विकेटकीपर विनयला त्यांनी अपेंडिक्सच्या दुखण्यात हॉस्पिटलला नेलं होतं. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

सीझन संपला की डिसेंबरातल्या एका रविवारी क्लबचा वॉक असे. डोंगरातली चार मैलांची पायवाट आणि शेवटी एका जुन्या टॅव्हर्नमध्ये बिअर आणि जेवण. मेजरांचा नियम असा की क्लब बाहेर पडला की क्लबच्या कपड्यांत. पांढरी पँट, पांढरा लोकरी स्वेटर. बर्फात का असेना.

२००३ साली रविवारी वादळाचा अंदाज होता म्हणून वॉक शनिवारवर आणला. माझ्या अंगावर सेलमधून घेतलेलं नवंकोरं नारिंगी जाकीट होतं. मेजर भडकलेच.

"सर्कशीत आलायस का? काढ ते!"

"मेजर, थंडी आहे हो."

त्यांनी जाकीट ओढून काढलं, गाडीत फेकलं आणि स्वतःजवळचा जादाचा पांढरा स्वेटर माझ्या डोक्यातून खाली खेचला. कान सोलवटले.

पायवाटेच्या वळणावर मी झुडपाआड लघवीला गेलो. परत यायला वळलो आणि धडाड् आवाज झाला. गुडघ्याच्या वर कुणीतरी घण घातल्यासारखं वाटलं. खाली बघितलं तर पांढरी पँट लाल होत होती.

मेजर सगळ्यांच्या आधी पोचले. पट्टा काढून त्यांनी माझी मांडी आवळली. फोनला सिग्नल नव्हता. "टॅव्हर्न अर्धा मैल आहे," असं म्हणत त्यांनी मला पाठीवर घेतलं. विनय मदतीला आला तर त्याला कोपर मारून बाजूला केलं. मी भेदरून आईचं नाव घेत होतो. "मरायचं नाव काढलंस तर थोबाड फोडीन!" ते धापा टाकत ओरडत होते. मागून एक म्हातारा शिकारी माझा पाय सांभाळत रडत येत होता. "पांढरं हललं... मला फक्त पांढरं दिसलं," एवढंच त्याचं चाललं होतं.

टॅव्हर्नमध्ये मला टेबलावर ठेवलं, मालकीणबाईंनी फोन लावला, आणि मेजर वळले. पहिल्याच ठोशात म्हातारा खुर्च्यांवर कोसळला. दुसऱ्यात त्याचा दात उडाला. त्याने हातही वर केला नाही. चौघांनी मेजरांना धरलं, तरी ते लाथा झाडत होते.

"पुरे!" मालकीणबाई किंचाळल्या. "हरणांच्या शिकारीचा आठवडा आहे हा. हरिण बिचकलं की शेपटी वर करतं, आणि ती पांढरी असते. या दिवसांत इथे लोक खिशातला पांढरा रुमालही बाहेर काढत नाहीत. नारिंगी घालतात. यांना हे कपडे घालायला सांगितलं कुणी?"

इतकी वर्षं आम्ही तिथे रविवारीच गेलो होतो. रविवारी शिकारीला बंदी असते, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

आम्ही सगळे जमिनीकडे बघत राहिलो. पोलीस आला, त्यानेही तेच विचारलं. विनय मेजरांच्या कानाशी लागला, "मेजर, गप्प बसा. आधी वकील बघू, यार."

मेजरांनी त्याला ढकललं. "याच्या अंगावर नारिंगी जाकीट होतं. मी ओरबाडून काढलं. लिहा." मग ते म्हाताऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. "मार मला," म्हणाले. म्हातारा नुसता मान हलवत राहिला. तेव्हा मेजरांनी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. एक, दोन, तीन. पोलिसाने हात धरेपर्यंत मारत होते.

मांडीचं हाड तुटलं होतं. पडून होतो ते तीन महिने मी मेजरांना रोज मनातल्या मनात शिव्या दिल्या, आणि ते रोज डबा घेऊन आले. डबा ठेवायचे, खुर्चीवर बसायचे, जायचे.

उन्हाळ्यात मी काठी घेऊन मैदानावर गेलो. विनयच्या हातून अगदी सोपा कॅच सुटला आणि त्याने सवयीने पाठ आक्रसली. "होतं असं," मेजर म्हणाले. त्या सीझनला आम्ही एकही मॅच जिंकलो नाही.

पुढच्या वर्षी ते मुलीच्या गावी, शुगर लँडला, कायमचे जायला निघाले. निरोप घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. सामान भरून झालं होतं. दारात उभं राहून मी म्हटलं, "मेजर, जाता जाता एक शिवी तरी हाणा की."

ते माझ्या पायाकडे बघत राहिले. मग त्यांनी माझं कोपर धरलं, अगदी अलगद.

"पायऱ्या सावकाश उतर हं, बाळा," म्हणाले.

त्यापेक्षा त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.