उलबोसिनचं फाटक

उलबोसिन या नावाचा अर्थ ‘आता मुलगा होवो’. तीन मुलींवर चौथी झाली, तेव्हा बापाने वैतागून ते ठेवलं. मुलगा काही झाला नाही. मोठेपणी नवरा गेला आणि कझाक माळावरचं त्याचं रेल्वे फाटक उलबोसिनने हाती घेतलं. रोज रुळांच्या खाचेतला बर्फ पहारीने फोडायचा, रुळांमधल्या फळ्यांवर चुलीतली राख पसरायची, गाडी आली की फाटक लावायचं. गाडी येताना तिचं फाटक कधी उघडं राहिलं नव्हतं आणि त्याचा तिला गर्व होता.

त्या दुपारी वादळ निवलं होतं, तरी वारा बर्फाची भुकटी उडवतच होता. सकाळी बर्फ कापणारं इंजिन गेलं आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर भिंती उभ्या राहिल्या. त्या पांढऱ्या बोळातून बाहेर पडायला जागा एकच, तिचं फाटक.

फोन वाजला. स्टेशनावरची वेरा पेत्रोव्ना होती. “उल्या, धान्याची मालगाडी सुटली. फाटक लाव.”

तिने हँडल फिरवलं. एकाच हँडलने दोन्ही बाजूंचे दांडे खाली येत. अलीकडे दुधाचा ट्रक येऊन थांबला होता. ड्रायव्हर मात्वेइने खिडकीतून डोकं काढलं. “आपा, गाडीचा पत्ता नाही आणि मला अडवतेस? दुधाचा दगड होईल इथे!”

“मग दगड वीक. गुमान थांब.”

तेवढ्यात स्टेशनाच्या बाजूने, रुळांवरूनच टापा ऐकू आल्या. भुकटीतून एक करडी घोडी निघाली, तिच्यामागे आणखी, मग अख्खा कळप. पार मागून हाका येत होत्या. तो आवाज तिच्या थोरल्या दिराचा, दोसानबेकचा. वादळात भरकटलेल्या त्याच्या घोड्या पोटापर्यंतचा बर्फ टाळून मोकळ्या रुळांवर उतरल्या होत्या. आणि त्यांच्या मागून मालगाडी येत होती.

ती फोनकडे धावली. “गाडी थांबव! रुळांवर भाऊजी आहेत, घोड्या आहेत!”

“ड्रायव्हरला वायरलेसवर सांगते. पण तिकडे उतार आहे, उल्या. भरलेली गाडी अशी लगेच नाही थांबायची.”

बाहेर रस्त्याकडे वळलेली करडी घोडी तांबड्या-पांढऱ्या दांड्याला बुजून अडली होती. मागच्या तिच्यावर आदळत होत्या. “उलबोसिन!” दोसानबेक लांबून ओरडला. “उघड ना फाटक! झोपलीस का?”

तिने हँडल धरलं. गाडी येत असताना फाटक उघडायचं? शिवाय पलीकडचा दांडा उचलला की ट्रकपुढचाही उठणार. मात्वेइने इंजिन चालूच ठेवलं होतं. ती पळत गेली आणि खिडकीत हात घातला.

“किल्ली दे.”

“चोर आहे का मी?”

“दे म्हणते ना! नाहीतर ओढून काढीन खाली.”

तिचा चेहरा पाहून त्याने किल्ली दिली.

दांडे उठले. पण बिथरलेली करडी रस्ता सोडून पुढच्या बोळातच शिरू लागली. उलबोसिन रुळांमध्ये आडवी उभी राहिली. अंगातला मेंढीच्या कातड्याचा कोट काढून ती तो जोरजोरात झटकू लागली. “हट! हट!” पायाखाली रूळ थरथरत होते. करडी दोन पायांवर उभी राहिली, वळली आणि रस्त्याला लागली. बाकीच्या तिच्यामागे.

शेवटी दोसानबेक आला, आणि फळ्यांवर त्याचा घोडा घसरून गुडघ्यांवर बसला. भुकटीत दिवा उजळला. भोंगा थांबेचना. उलबोसिनने लगाम धरला आणि सगळं अंग मागे टाकून ओढलं. घोडा धडपडत उठला. तिघंही बाजूच्या ढिगात कोसळले. ब्रेकच्या किंकाळीसकट गाडी त्यांच्या पायांशेजारून गेली, डब्यामागून डबा.

दोसानबेक उठला, आधी घोड्यांकडे पाहिलं, मग तिच्यावर खेकसला. “एवढा वेळ लागतो होय उघडायला?”

“स्वतःच्या घोड्या सांभाळता येत नाहीत आणि मला विचारता?” थोरल्या दिरापुढे तिने आजवर आवाज चढवला नव्हता. खाली पडलेला कोट त्याने झटकला आणि तिच्या खांद्यांवर टाकला.

खोलीत फोन वाजतच होता. “कुणाला लागलं का, उल्या?”

“नाही.”

“फाटक बंदच होतं ना? मला वर कळवायचंय.”

किल्लीसाठी आलेला मात्वेइ दारातून कुजबुजला. “बंदच होतं म्हण, आपा. मी आहे ना साक्षीला.”

“उघडं होतं,” उलबोसिन फोनमध्ये म्हणाली. “मीच उघडलं. तसंच कळव. आणि पुढची गाडी केव्हा सोडतेस, ते सांग.”